तिसरा रकाना

फेब्रुवारी १९९६ मध्ये ओडील व्हायलेटची मावशी वारली. ओडील तेव्हा आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मावशी नदीपलीकडे, कॅनडात राहायची. चर्चमधली प्रार्थना मंगळवारी सकाळी दहाला होती आणि ओडीलची गणिताची परीक्षा त्याच सकाळी नऊला. आमच्या नियमपुस्तिकेत परीक्षा पुढे ढकलण्यासाठी चार नाती दिली होती: आईवडील, भावंडं, आजीआजोबा, नवराबायको. मावशी त्यात नव्हती.

सोमवारी ओडीलच्या आईचा मला फोन आला. मी नियम सांगितला. मंगळवारी ओडील परीक्षेला बसली. तिला शंभरपैकी एक्याण्णव मिळाले.

आमचं कॉलेज दोन वर्षांचं आहे. दोन वर्षं इथे स्वस्तात काढायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात, ही आमच्या खोऱ्यातल्या मुलांची रीत. कुठल्या विद्यापीठात जायचं, इथले कुठले विषय तिथे धरले जातील आणि घरच्यांना काय झेपेल, हे मुलांबरोबर बसून ठरवणं हे माझं काम. सव्वीस वर्षं मी ते करते आहे. प्रत्येक मुलाची एक फाईल असते आणि टेबलावर एक नोंदवही. आलेला प्रत्येक फोन मी वेळ घालून त्यात लिहिते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओडील दोन पाकिटं घेऊन आली. बटाट्याच्या गोदामातून थेट आली होती. बाह्यांवर मातीची धूळ. आठवड्याचे पंचवीस तास ती तिथे बटाटे निवडायची.

"बाई, दोघांनीही घेतलंय मला," ती म्हणाली. "आता सांगा, कुणाला नाही म्हणू?"

मी कागदावर तीन रकाने आखले. तीन आखायची माझी सवय आहे.

पहिल्या रकान्यात दक्षिणेकडचं सरकारी विद्यापीठ. गाडीने पाच तास. तिथे जमीनमोजणीचं शिक्षण होतं आणि ओडीलला तेच हवं होतं. तिचे वडील, क्लोव्हिस, लाकूड कंपनीसाठी जंगलाच्या हद्दी आखायचे. ती लहानपणी त्यांच्या मागून रंगाचा डबा घेऊन हिंडलेली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. तिथला खर्च, सगळी मदत वजा जाता, वर्षाला साडेपाच हजार डॉलर.

दुसऱ्या रकान्यात घरापासून चाळीस मिनिटांवरचं छोटं विद्यापीठ. घरी राहून करता येईल, खर्च निम्म्याहून कमी. मोजणी नाही. जवळात जवळचा विषय म्हणजे व्यवसाय व्यवस्थापन.

"म्हणजे बटाट्यांचं व्यवस्थापन," ओडील म्हणाली. "ते मी आत्ताही करते. मोठे इकडे, कुजके तिकडे."

"कर्ज किती काढायची तयारी आहे?"

"आई कर्जाचं नाव काढू देत नाही. ती चहाची एक पुडी दोनदा उकळते, बाई. पहिल्या रकान्याचा आकडा तिला सांगितला तर ती आधी खाली बसेल आणि मग माझ्यासाठी मेणबत्ती लावेल."

तिसरा रकाना रिकामा होता. मी विचारलं, "तुझा जन्म कुठला?"

"पलीकडचा. का?"

"हॉस्पिटलात?"

"हो. त्या रात्री आमच्या बाजूचा रस्ता बर्फाने बंद होता. पूल तेवढा उघडा होता. आई नेहमी सांगते."

यात नवल काही नव्हतं. त्या काळी आमच्या खोऱ्यातली बरीच मुलं पलीकडच्या हॉस्पिटलात जन्मली. मी तिला समजावलं: जन्म तिकडचा म्हणजे नागरिकत्व तिकडचंही. पलीकडे तीन तासांवर एक विद्यापीठ आहे, त्यांचं मोजणीचं शिक्षण उत्तम आहे आणि नागरिकांना फी अगदी कमी. राहण्याखाण्यासकट आपले साडेतीन हजार डॉलर. गोदामात उन्हाळाभर काम केलं तर कर्जाशिवाय निभेल. पंधरा मेपर्यंत जन्माचा दाखला दिला की झालं.

ओडीलने आकडा दोनदा वाचला. मग खुर्चीत मागे टेकून हसली. "आईला सांगते, मला जन्माला घालतानाच तू फी वाचवलीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. तो बाप्तिस्म्याचा दाखला होता, आमच्या बाजूच्या चर्चचा. पाद्रीबाबांच्या हातचं लिहिलेलं: कन्या ओडील, पिता क्लोव्हिस व्हायलेट, माता अल्फेना, माहेरची सीर. आमच्याकडे घरोघरी हाच कागद असायचा. शाळेला चालायचा, गाडीच्या परवान्याला चालायचा, लग्नाला तर हाच लागायचा. विद्यापीठाला चालणार नव्हता.

"पलीकडच्या प्रांताच्या कार्यालयातून खरा दाखला मागवावा लागेल," मी म्हटलं. "आईला विचार, घरात कुठे आहे का."

तिने कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "आई विचित्रच वागतेय. म्हणते, पलीकडे जायचं नाही. खालच्या, पाच तासांवरच्या विद्यापीठात जा, पैशांचं मी बघते."

"कसं बघणार?"

"जंगल विकते म्हणाली. बाबांचं. चाळीस एकर." ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, माझ्या आईने आजवर एक खुर्ची विकलेली नाही."

मला वाटलं, बाईचा नदीपलीकडच्या लोकांवर काही जुना राग असेल. असे राग आमच्याकडे असतात. हद्दीवरून, लग्नावरून, गाईवरून. त्यासाठी कुणी चाळीस एकर झाडं विकत नाही, हा विचार मी तेव्हा करायला हवा होता.

मी अर्ज भरला. पलीकडे बाईचं नाव माहेरच्या आडनावाने लावतात, म्हणून आईच्या नावापुढे लिहिलं: अल्फेना सीर. जन्मतारीख २० फेब्रुवारी १९७५. हॉस्पिटलचं नाव. ओडीलने सही केली आणि उत्तराचा पत्ता माझ्या कचेरीचा दिला, कारण घरी आईशी रोज खटके उडत होते.

उत्तर २९ एप्रिलला आलं. अल्फेना सीर नावाच्या आईची नोंद सापडत नाही. मात्र त्या तारखेला त्या हॉस्पिटलात सीर आडनावाच्या आईच्या पोटी एक मुलगी जन्मल्याची नोंद आहे. मुलीचं नाव ओडील. आईचं नाव जानीन. हीच नोंद हवी असल्यास कळवावं. नाव चुकलं असल्यास जन्म देणाऱ्या आईने सोबतच्या शपथपत्रावर सही करून दुरुस्ती मागावी.

जानीन म्हणजे फेब्रुवारीत वारलेली मावशी, हे मला माहीत होतं. तरीही मला ती कारकुनाची चूक वाटली. असं व्हायचं. बाळंतीण आत असायची आणि सोबत आलेली बहीण खिडकीशी उभी राहून उत्तरं द्यायची; कारकून समोरच्या बाईचं नाव लिहून मोकळा व्हायचा. माझ्या कपाटात अशा तीन दुरुस्त्या होत्या. ही चौथी, असं म्हणून मी शपथपत्र बाजूला काढलं आणि ओडीलला फोन केला.

"तुझ्या मावशीचं नाव लावून ठेवलंय त्यांनी," मी म्हटलं.

ती हसली. "मावशी सगळीकडे घुसायचीच. दर रविवारी प्लॉय, आपली कुट्टूच्या पिठाची धिरडी, फडक्यात बांधून पूल ओलांडून हजर. वादळ असो, काही असो. आणि माझ्याकडे अशी बघायची, बाई, जणू मला वजनकाट्यावर उभं केलंय. मी म्हणायची, मावशी, मागच्या रविवारी होते तेवढीच आहे. तरी बघायची."

"आईला घेऊन ये. एक सही लागेल."

"आणते. ओढून आणते."

शुक्रवारी, तीन मेला, दुपारी दोन वाजता त्या दोघी आल्या. अल्फेना व्हायलेटना मी पहिल्यांदाच बघत होते. साठीच्या, बारीक, ताठ. रविवारी घालायचा कोट घालून आल्या होत्या. बियाण्याचे बटाटे कापायचा हंगाम होता. बोटांच्या पेरांवर सुरीच्या काळ्या रेघा होत्या. त्यांनी कोट काढला नाही.

मी पत्र वाचून दाखवलं. मग शपथपत्र पुढे ठेवलं आणि त्यातलं वाक्यही वाचलं, कारण सही घेण्याआधी वाचून दाखवण्याचा नियम आहे: "मी ईश्वराला स्मरून सांगते की वरील मुलीला जन्म देणारी आई मीच आहे."

अल्फेनांनी पेन घेतलं. नाव लिहायच्या रेघेवर टेकवलं. पेन तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका उमटला आणि पसरत गेला.

"आई, लिही ना," ओडील म्हणाली. "पंधरा तारीख जवळ आलीय. नाव विसरलीस का स्वतःचं?"

"मला हे लिहिता येणार नाही."

"का? हात दुखतोय?"

"शपथ आहे," अल्फेना म्हणाल्या.

"मग? खरं लिहायला शपथेची कसली भीती?"

अल्फेनांनी पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळायला लागलं, तेव्हा बोटाने थांबवलं. ओडील आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून थोडं हसू होतं. मी ते जाताना बघितलं.

"मी बाहेर थांबते," मी म्हटलं.

"थांबा इथेच," अल्फेना म्हणाल्या. "मला हे दोनदा सांगायला जमणार नाही. आणि ती बाहेर पळाली तर कुणीतरी लागेल."

त्यांनी जे सांगितलं ते पाच मिनिटांचं होतं. जानीनचा नवरा नोव्हेंबरात झाड अंगावर पडून गेला. तिला चार मुलं होती आणि पाचवं पोटात. अल्फेनाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. जानीनच म्हणाली, हे तू घे. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी क्लोव्हिस गाडी घेऊन गेला आणि ब्लँकेटात गुंडाळून घेऊन आला. पुलावरच्या सरहद्दीच्या शिपायाने आत डोकावून अभिनंदन केलं. पाद्रीबाबांना सगळं माहीत होतं. त्यांनी बाप्तिस्म्याचा कागद लिहिला आणि विषय मिटला.

"तिची एकच अट होती. दर रविवारी बघायला येणार. आणि मुलीला कुणी सांगायचं नाही, तिनेही नाही, मीही नाही. मी वचन दिलं. आता ती गेली. मला त्यातून सोडवणारं कुणी उरलं नाही."

 बाहेर व्हरांड्यात कुणीतरी यंत्रातून कॉफी घेत होतं. नाणं आत पडल्याचा आवाज आला.

"बर्फ?" ओडीलने विचारलं. "तो रस्ता बंद होता, ते?"

"बर्फ होता," अल्फेना म्हणाल्या. "तेवढं खरं आहे."

ओडील पळाली नाही. तिने शपथपत्र उचललं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. "हे लागणार नाही, बाई. नोंद बरोबर आहे. तसं कळवून टाका त्यांना." मग आईला म्हणाली, "चल. चारला माझी गोदामात पाळी आहे."

दाराशी तिने आईसाठी दार धरलं. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

दाखला तेरा मेला आला. चौदाला मी तो घेऊन स्वतः पूल ओलांडला आणि पोस्टातून पाठवण्याऐवजी विद्यापीठाच्या जवळच्या कचेरीत हातात दिला. माझ्या नोकरीत हे बसत नाही. प्रवेश नक्की झाला. फी नागरिकांची लागली. जंगल विकावं लागलं नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या माणसाला मातीसाठी मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं. जमीन कमरेइतकी गोठलेली असते. प्रार्थना होते, लोक घरी जातात आणि पेटी दफनभूमीतल्या दगडी कोठीत ठेवली जाते. जमीन सैल झाली की घरच्यांना पुन्हा बोलावतात. जानीनची माती शनिवारी, अठरा मेला होती.

शुक्रवारी अल्फेनांचा फोन आला. "बाई, उद्या तुम्ही गाडी चालवाल का? आमच्या दोघींच्या मध्ये तिसरं कुणीतरी हवंय. पंधरा दिवस झाले, ती मला फक्त मीठ दे म्हणते."

मी गेले. अल्फेना पुढे बसल्या, ओडील मागे. पुलावर कॅनडाच्या बाजूच्या शिपायाने खिडकीत वाकून विचारलं, "कुठे?"

"मातीला," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

"माझ्या बहिणीच्या," अल्फेना म्हणाल्या.

तो सहज मागच्या सीटकडे वळला. "आणि तुमच्या कोण?"

मी आरशात बघितलं. ओडीलने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "मावशी."

त्याने हात केला. आम्ही पुढे निघालो. पलीकडच्या काठावरचा चढ संपला. मग मागून ओडील म्हणाली, "सवयीने आलं तोंडात." कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

जानीनची चार मुलं खड्ड्याच्या एका बाजूला वयाच्या क्रमाने उभी होती. थोरला रेनाल तिशीचा होता, लाकूड गिरणीत काम करायचा. त्याने ओडीलला बघितलं आणि टोपी काढली. नंतर, सगळं झाल्यावर, तो तिला म्हणाला ते मी ऐकलं: "मी नऊ वर्षांचा होतो. आई हॉस्पिटलातून मूल घेऊन आली. तीन दिवसांनी ते नव्हतं. आम्हाला सांगितलं, देवाने नेलं. मग आई दर रविवारी धिरडी करून पुलाकडे चालायला लागली. मला वाटलं, देव नदीपलीकडे राहतो."

ते नंतरचं. त्याआधी पाद्रीबाबा यायचे होते आणि आम्ही तिघी इकडच्या बाजूला उभ्या होतो. रांगेत धाकट्या मुलीच्या नंतर एका माणसाची जागा सुटलेली होती. ती मुद्दाम सोडली होती की सहज सुटली होती, मला सांगता येणार नाही.

"जा," अल्फेना हळूच म्हणाल्या.

"तू?"

"मी इथे बरी आहे. जा म्हटलं ना."

ओडील खड्ड्याला वळसा घालून गेली आणि रांगेत उभी राहिली. पाचही जणांचं नाक एक होतं. इतक्या वर्षांत ते कुणी बोललं नव्हतं, किंवा सगळेच बघून गप्प बसले होते. अल्फेना माती संपेपर्यंत सरळ उभ्या होत्या. एकदाच त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

परत येताना ओडील पुढे बसली, कारण अल्फेनांनी मागचं दार उघडून आत बसून घेतलं.

पलीकडच्या विद्यापीठाचं शेवटचं पत्र ऑगस्टच्या बावीस तारखेला माझ्याकडे आलं. इथे केलेले कोणते विषय तिथे धरले जातील, याची यादी. त्रेसष्टपैकी अठ्ठेचाळीस श्रेयांक मान्य झाले होते. न धरलेल्यांत गणित होतं. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या गणितात आमच्यापेक्षा दोन प्रकरणं जास्त होती, म्हणून पूर्ण विषय पुन्हा करावा लागणार होता. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात तो चालला असता. मार्चमध्ये मी रकाने आखले तेव्हा फी बघितली, राहणं बघितलं, अंतर बघितलं. हे बघितलं नव्हतं.

ओडील पत्र न्यायला आली तेव्हा तिची ट्रंक बाहेर रेनालच्या ट्रकमध्ये होती. तिने यादी उभ्याउभ्याच वाचली. गणितापाशी तिचं बोट थांबलं.

"हे फेब्रुवारीतलं," ती म्हणाली.

"हो."

"एक्याण्णव होते मला."

"हो. माझी चूक आहे, ओडील. मी आधी विचारायला हवं होतं."

"ठीक आहे. पुन्हा करीन." तिने पत्र दुमडून पाकिटात घातलं. मग खुर्चीत बसली, जी घाई होती ती सोडून. "बाई, त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने तुम्हाला फोन केला होता ना? ती म्हणते केला होता. काय बोलली होती ते सांगत नाही."

मी कपाटातून हिवाळ्याची नोंदवही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. ओडीलने हात पुढे केला, म्हणून मी वही तिच्याकडे वळवली आणि तिने स्वतः वाचलं, माझ्या अक्षरातलं:

"सोमवार, १२ फेब्रुवारी, ११.१०. श्रीमती अल्फेना व्हायलेट. उद्या मुलीला मावशीच्या प्रार्थनेला जाऊ द्यावं, अशी विनंती. मावशी नात्यांच्या यादीत नाही, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, तरी तिला जायला हवं. कारण विचारलं. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा विचारलं. रडू लागल्या. नियम सांगितला."